पिंजाऱ्याच्या घरचं पाणी

"त्रिंबक, खाली उतर. वर बघून मान दुखायली, आणि जे बोलायचंय ते ओरडून बोलण्यासारखं नाही."

मी शाळेच्या पत्र्यावर बसून भोंगा बांधत होतो. खाली सोजरआत्या उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हात रिकामे. सोजरआत्याला रिकाम्या हातानं गावात फिरताना कुणी पाहिलेलं नव्हतं. काही नसलं तर निदान गवताची पेंढी तरी काखेत असायची. त्यावरून ओळखलं, काम मोठं आहे.

"आत्या, तार तेवढी ओढून घेतो."

"तार कुठं पळून जात नाही. मी साठीला आले."

उतरलो.

आता मांडवाचा आणि स्पीकरचा धंदा माझा मुलगा बघतो, पण तेव्हा सावळगोंदीत बारसं असो की दहावा, भोंगा माझाच वाजायचा. या धंद्यात माणसं फुकटात कळतात. पुढारी माइक स्वतःकडं ओढतो, मास्तर त्याच्यावर टिचक्या मारतो, नवरदेवाचा मामा त्यात फुंकर घालतो. कोण किती पाण्यात आहे, ते मला मशीनच्या काट्यावर दिसायचं. कोण कुणाच्या उपकारात आहे, कुणाचं कुणाकडं काय निघतं, हे सारं मनात मांडून ठेवायची मला खोडच होती. गावगाडा देण्याघेण्यावर चालतो, असं माझं पक्कं मत होतं.

दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन होता, तोही सुवर्णमहोत्सवी. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रझाकार आमच्या गावात आले, घराघरातून पुरुष बाहेर काढले, वेशीपाशी उभे करून गोळ्या घातल्या आणि कडब्याच्या गंजीत टाकून पेटवून दिले. कुणाची राख कुठली, निवडता येईना. म्हणून गावानं त्या जागी एकच लिंब लावला. दर सतरा सप्टेंबरला झेंडा झाला की लिंबापाशी एकेक नाव पुकारायचं आणि त्या त्या घरच्या माणसानं पुढं होऊन तांब्याभर पाणी लिंबाच्या बुडाशी घालायचं. ज्याचं माणूस त्यानंच घालायचं. दुसऱ्याच्या मेल्याला पाणी घातलं की तो आपल्या घरचा होतो आणि त्याचं सुतक आपल्याला लागतं, असं गाव मानतं. त्यामुळं त्या दिवशी लिंबाजवळ कुणी चुकूनसुद्धा तांब्या कलंडू देत नाही.

माझ्या घरचं त्या लिंबाखाली कुणी नव्हतं. आजोबा त्या दिवशी बैल घेऊन बार्शीच्या बाजाराला गेले होते, म्हणून वाचले. सोजरआत्याचा बाप मात्र होता. निवृत्ती त्याचं नाव.

"तुझा भोंगा पिंजाऱ्याच्या वाडग्यापर्यंत ऐकू जातो का?" आत्यानं विचारलं.

"तिथं कोण ऐकणार? पडक्या भिंती आणि उकिरडा आहे. कोंबड्यांना भाषण ऐकवायचं असलं तर सांगा."

"जातो का?"

"वारं मनात आणेल तर जातो."

"मग त्याचं तोंड तिकडं कर. उद्या दोन नावं जास्तीची घ्यायचीत. मदारभाई पिंजारी आणि बानूबी."

मला हसू आलं. "आत्या, ते हैदराबादला गेले की. पोरासोरांना ठाऊक आहे."

"पोरासोरांना ठाऊक आहे, कारण मोठ्यांनी तसं ठरवलं. कुठं गेले नाहीत ते. तिथंच आहेत, वाडग्यात."

ती शाळेच्या पायरीवर बसली आणि लुगड्याला चिकटलेलं कुसळ काढावं तसं एकेक वाक्य काढून तिनं मला सांगितलं. फौज आली, निजाम शरण गेला, रझाकार पळाले. त्यानंतरच्या दिवसांत गावातल्या काहींच्या अंगात आलं. रझाकार हाती लागेनात, मग जो हाती होता त्याच्याकडं मोर्चा वळला. मदारभाईच्या घरात कापूस भरलेला होता, लग्नसराईच्या गाद्यांचा. बाहेरून कडी घातली.

"कापसाला असा कितीसा वेळ लागतो?" ती म्हणाली.

"बाहेरगावची माणसं असतील," मी म्हणालो. गावात अशी वाक्यं तयार असतात, माझ्या सतरंज्यांसारखी. कुणीही यावं, घडी उलगडावी, पसरावी.

"होते दोघंतिघं बाहेरचे. बाकी आपले. निवृत्तीचा बदला, निवृत्तीचा बदला म्हणून ओरडत होते. माझ्या बापाच्या नावानं ते घर जाळलं, त्रिंबक. मी दर वर्षी बापाला पाणी घालते. त्याला पोचत नाही ते. पिंजाऱ्याच्या दारात अडतं."

"तुम्ही तेव्हा लहान होतात. तुम्हाला काय कळणार?"

"मी रोज तिथं खेळायला जायचे."

"कुणाशी?"

तिनं पदर सारखा केला आणि लिंबाकडं बघत बसली.

मी धंद्याचा माणूस. कुणी काही मागितलं की बदल्यात काय आहे ते मी आधी बघतो. म्हटलं, "आत्या, रझाकार आले तेव्हा मदारभाईनं कुणाला लपवलं होतं का? कापसात वगैरे?"

"नाही."

"आधी येऊन कुणाला सावध केलं?"

"नाही. दार लावून बसला होता. भित्रा होता तो. कुत्रं भुंकलं तरी कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवायचा."

"मग लपवलं म्हणा. तुम्हालाच लपवलं म्हणा. कोण साक्ष काढतंय? असा मुसलमान गावाला चालतो. टाळ्या पडतील, फोटो येईल, पुढच्या वर्षी त्याच्या नावाची पाटी लागेल. उपकार दाखवल्याशिवाय गाव नाव घेणार नाही, आत्या. मला विचारा."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात सडक्या वांग्याकडं बघतात. मग उठली.

"नावं कोण घेणार? माणिकतात्याच ना?" मी विचारलं.

"तेच. त्यांच्याच तोंडून यायला पाहिजेत."

"विचारलंत त्यांना?"

"सकाळी गेले होते. म्हणाले, ऐकू येत नाही. मी उंबऱ्याबाहेर पडले आणि आतून सुनेनं हळूच विचारलं, च्या ठेवू का. तर म्हणाले, ठेव."

माणिकतात्या म्हणजे तिचा सख्खा चुलता, निवृत्तीचा धाकटा भाऊ. स्वातंत्र्यसैनिक, घरात ताम्रपट, गावात शब्दाला मान. त्यांचा मुलगा उद्धव आमचा सरपंच. संध्याकाळी मी तात्यांच्या घरी माइक घेऊन गेलो, कारण दर वर्षी आदल्या दिवशी तात्या तालीम करायचे. उद्धव ओसरीवरच उभा होता. एरवी मी त्याला 'ए त्रिंबक'; त्या दिवशी त्यानं मला राव लावला.

"त्रिंबकराव, सोजरअक्का भेटली म्हणे तुम्हाला."

"भेटली."

"उद्या जिल्ह्याचे साहेब येणारेत. सभागृहाला मंजुरी त्यांच्या हातात. अक्का माइकपाशी आली की कान पिळायचा."

"कुणाचा?"

"मशीनचा. बटन बंद. लाइट गेली म्हणायचं."

"जनरेटर तुम्हीच आणायला लावलाय."

"मग तो बिघडला म्हणायचं. तुमचंच सामान, तुमचाच बिघाड. गावातले सगळे कार्यक्रम तुमच्याकडं आहेत, त्रिंबकराव. पुढच्या वर्षी कुणाकडं असावेत ते उद्या बघू."

उद्धवचं हे बरं होतं. धमकी द्यायचा तीसुद्धा आहेर दिल्यासारखी.

तात्या आत घोंगडीवर बसले होते. घरात फोमचे कोच आले, पाहुण्यांना गाद्या आल्या, पण तात्या जन्मभर घोंगडीवर निजले. कापसाची गादी, उशी अंगाखाली घेतली नाही. गाव म्हणायचं, त्यागी माणूस. शाळेत पोरं निबंधात लिहायची.

माइक बंदच होता. तात्यांनी तो हातात घेतला आणि नावं म्हणायला सुरुवात केली. हातात कागद नाही, चष्मा नाही. नातवंडांना हाक मारताना ते अडखळायचे, पण या नावांत कधी चुकले नाहीत. निवृत्तीपासून सुरुवात आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, 'एवढे आपले.' त्या दिवशी मधेच दोनदा थांबले. उठले, खिडकीशी गेले, परत बसले, परत उठले. घोंगडी झटकली. ती स्वच्छ होती.

मी वायर गुंडाळता गुंडाळता, स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हणालो, "तात्या, पिंजाऱ्याच्या घरात कोण कोण होतं?"

"नवराबायको. हैदराबादला गेले."

"दोघंच?"

"दोघंच."

ऐकू न येणाऱ्या माणसानं इतकं चटकन उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचं त्यांनाही ते कळलं असावं, कारण मग त्यांनी हात कानाशी नेला आणि विचारलं, "काय म्हणालास?"

"काही नाही. उद्या घसा सांभाळा."

परत येताना शाळेवर चढलो आणि भोंग्याचं तोंड पिंजाऱ्याच्या वाडग्याकडं फिरवलं. का, ते विचारू नका. म्हातारीनं एवढं सांगितलं होतं आणि त्याला काही लागत नव्हतं.

सकाळी झेंडा झाला. साहेब शांततेवर बोलले, बंधुभावावर बोलले, जगात चाललेल्या युद्धांवर बोलले. इतके बोलले की शांतता नको पण भाषण आवरा, असं पुढच्या रांगेतल्या बायांच्या तोंडावर दिसायला लागलं. मग शांतीची म्हणून दोन कबुतरं सोडली. एक उडालं. दुसरं माझ्या मांडवाच्या झालरीत अडकलं आणि कार्यक्रमभर डोक्यावर फडफडत राहिलं.

तात्या माइकपाशी आले.

"निवृत्ती."

सोजरआत्या पुढं झाली. कमरेवर भरलेली कळशी, हातात तांब्या. बाकी सगळे नुसता तांब्या आणतात. तिनं पाणी घातलं, पण मागं फिरली नाही. लिंबाच्या एका अंगाला उभी राहिली. नावं होत गेली, माणसं येत गेली, पाणी घालून जात राहिली. उद्धव एकदा कळशीकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. मी मशीनपाशी स्टुलावर बसलो होतो, हात बटनावर. वरती कबुतर काही स्वस्थ बसू देत नव्हतं.

शेवटचं नाव झालं. तात्या म्हणाले, "एवढे आपले."

"तात्या, अजून आहेत," सोजरआत्या म्हणाली.

ती माइकपासून लांब होती, पण माझा माइक चांगला होता. भोंग्यातून ते वाक्य गावावर गेलं. उद्धवनं माझ्याकडं बघून स्वतःचा कान पिळला.

लोक पुढं सांगत आले की त्रिंबकनं आवाज वाढवला. ते खोटं आहे. वाढवला असता तर भोंग्यानं शिट्टी मारली असती. मी वाढवला नाही आणि बंदही केला नाही. होता तसा राहू दिला. माझ्यासारख्या माणसाला तेवढंही जड गेलं.

उद्धव हसत हसत पुढं झाला. "अक्का, घरी बोलू."

"घरी बोलायला पन्नास वर्षं होती, उद्धव. तात्या, मदारभाई पिंजारी राहिला. बानूबी राहिली."

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. मागून एक म्हातारा म्हणाला, "ते हैदराबादला गेले ना."

"कुणाला निरोप आला?" आत्यानं विचारलं. "पन्नास वर्षांत कुणाला पत्र आलं? हैदराबादला जाऊन आलेल्या कुणाला भेटले? जाणारा माणूस बाहेरून कडी लावून घरात बसतो का?"

म्हातारा खाली बघायला लागला. त्याच्या वयाची आणखी चारदोन माणसं होती, तीही खाली बघायला लागली. बायका मात्र तात्यांकडं बघत होत्या. साहेबांनी सेक्रेटरीच्या कानात काहीतरी विचारलं. उद्धवला आता हसूही सोडता येईना आणि अक्कालाही आवरता येईना. पण तो कच्चा नव्हता. त्यानं आवाज मऊ केला.

"बरं, अक्का, झालं असेल. वाईट झालं. पण हा हुतात्म्यांचा लिंब आहे. या लोकांनी गावासाठी काय केलं होतं, ते तरी सांग. म्हणजे गावाला नाव घ्यायला काहीतरी आधार."

हाच तो क्षण होता, मी आदल्या दिवशी तिच्या पदरात बांधून दिलेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कापसात लपवलं, एवढं म्हण, आत्या. एका वाक्यात काम होतंय.

"काही केलं नाही," ती म्हणाली. "गाद्या पिंजल्या. तुझ्या आईच्या लग्नाची गादी त्यानंच पिंजली. रझाकार आले तेव्हा दार लावून बसला, भ्याला म्हणून. त्यानं कुणाला लपवलं नाही, कुणाला वाचवलं नाही. वाचवलं असतं तर जाळायचं नाही, आणि नसलं वाचवलं तर जाळायला हरकत नाही, असं आहे का? माझ्या बापानं तरी गावासाठी काय केलं होतं? ज्वारी पेरली होती. त्याला मारलं ते पाप होतं, म्हणून मी इथं उभी आहे. मग हे काय होतं?"

ती पुन्हा बोलली तेव्हा आवाज खाली आला होता.

"साहेब आत्ता म्हणाले, पुन्हा असं होऊ नये. खरं आहे. पण आपलीच मढी तेवढी मोजत बसलं की पुढच्या खेपेला दुसऱ्याची पाडायला हात मोकळे राहतात."

आता सगळे तात्यांकडं बघत होते. तात्या माइकला धरून उभे होते. त्यांचा श्वास माइकमध्ये पडत होता, आणि तो श्वास शाळेवरून, वेशीवरून, वाडग्यावरून घुमत होता. मुलं खिदळायची थांबली. उद्धव म्हणाला, "तात्या, बसा तुम्ही," आणि त्यांच्या दंडाला धरायला गेला. तात्यांनी दंड सोडवून घेतला.

"मदार पिंजारी," तात्या म्हणाले. बाकीच्या नावांचा होता तोच सूर.

पुढं कुणी येईना. येणार कोण? सोजरआत्या वाकली, कळशीतून तांब्या भरला, लिंबाच्या बुडाशी ओतला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. सुतक डोळ्यांदेखत घरी चाललेलं होतं.

"बानूबी."

तिनं दुसरा तांब्या घातला.

उद्धवनं श्वास सोडला. झालं ते झालं, दोन नावांत भागलं, असा हिशेब त्याच्या तोंडावर वाचता येत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मीही राष्ट्रगीताची कॅसेट हातात घेतली.

"जैनब," तात्या म्हणाले.

हे नाव कुणी मागितलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं. गर्दीतल्या तरण्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. सोजरआत्याचा हात कळशीत तसाच राहिला.

"हे मी सांगितलं नव्हतं, तात्या."

"माहीत आहे."

"मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. ज्याला माहीत आहे त्यानं घ्यावं म्हणून."

तात्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "आतून हाका मारत होती," ते म्हणाले. "आई-बापाला नाही. तुला. सोजर, कडी काढ, म्हणत होती. तिला वाटलं, बाहेर तू आहेस. खेळताना तू कडी लावायचीस."

एवढंच. सारं भोंग्यातून गेलं.

सोजरआत्यानं तांब्या भरला. पण ओतला नाही. मंचापाशी आली आणि तांब्या वर केला.

"हिचं पाणी माझ्याकडं नाही," ती म्हणाली. "घ्या."

तात्यांना दर वर्षी तिघं मिळून मंचावर चढवायचे आणि उतरवायचे. त्या दिवशी ते एकटे उतरले. उद्धव पुढं झाला तर त्याला हातानं बाजूला केलं. तांब्या घेतला. लिंबापाशी गेले, वाकले आणि सगळं पाणी संपेपर्यंत तांब्या कलता धरून राहिले. सरळ उभं राहता येईना, तेव्हा सोजरआत्यानं त्यांच्या काखेत हात घातला. दोघंही तशीच घराकडं चालायला लागली. साहेबांनी आणलेली शाल मंचावर घडीतच राहिली. राष्ट्रगीत लावायचं मीच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान काढायला गेलो. झालरीतलं कबुतर कुणीतरी सोडवलं होतं किंवा त्याची त्यानं वाट काढली होती. पत्र्यावर चढून भोंग्याच्या तारा सोडत होतो, तिथून पार दिसत होता. पारावर तात्या बसले होते. डोक्याला पाणी लावलेलं, अंगावर न्हाव्याचा पंचा. गावात कुणी गेल्याची बातमी नव्हती. न्हावी वस्तरा दगडावर ओढत होता आणि उघडच घोटाळ्यात पडला होता.

"तात्या, डोकं करायचं म्हणता," तो म्हणाला, "पण घरात गेलं कोण?"

"लेकरू," तात्या म्हणाले. "कर."